कुकी एक्स्चेंजला नानकटाईच ने, पण तूप पातळ करू नकोस

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. न्यू जर्सीत येऊन तुला दोन वर्षं झाली. शेजारणीने डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी कुकी एक्स्चेंजला बोलावलंय. दहा जणी येणार आहेत आणि प्रत्येकीने एकाच प्रकारच्या सहा डझन कुकीज घरी भाजून आणायच्या आणि त्या आपापसांत वाटून घ्यायच्या आहेत. तुमच्या घरी अंडं चालत नाही, म्हणून तू नानकटाई करून पाहिलीस. पहिला ट्रे पसरला, सगळ्या एकमेकींना चिकटल्या. मग उरलेल्या पिठात तू आणखी मैदा घातलास. त्या नानकटाया आकाराला बऱ्या झाल्या, पण खाताना तोठरा बसला. आता विचारतेस, की ताई, नानकटाईचा नाद सोडून दुकानातलं तयार चॉकलेट चिपचं पीठ आणून भाजू का? आणि किती दिवस आधी करू?

तयार पीठ आणू नकोस. एक तर त्यात बहुतेक वेळा अंडं असतं. दुसरं, दहा जणींत दोघी तरी चॉकलेट चिपच आणतील आणि त्यातली एखादी तिच्या आजीच्या हातची कृती घेऊन येईल. तिच्या शेजारी पाकिटातल्या कुकीज ठेवायला तुलाच बरं वाटणार नाही. नानकटाईच ने. तुझ्या दोन्ही चुका सहज सुटणाऱ्या आहेत. त्या का झाल्या, ते पुढे सांगते.

आधी सहा डझनांचा हिशेब, कारण पहिल्यांदा जाणारीला तो आकडा भीती घालतो. दहा जणी म्हणजे तुझ्याखेरीज नऊ. प्रत्येकीला सहा कुकीज घरी न्यायला द्यायच्या, म्हणजे चोपन्न. एक डझन तिथेच टेबलावर चाखायला ठेवायच्या. झाल्या सहासष्ट. उरलेल्या सहा वाटेत मोडतील त्यांच्यासाठी आणि तुझ्या घरच्यांसाठी. बदल्यात तू नऊ प्रकारच्या चोपन्न कुकीज घेऊन परत येतेस. डिसेंबरभर घरी येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे ठेवायला एवढा ऐवज एकटीने भाजायचा तर आठवडा जाईल. ही पद्धत त्यासाठीच आहे. आपल्याकडे दिवाळीत फराळाचं ताट क्रोशाच्या रुमालाखाली झाकून शेजारी जायचं आणि ते ताट रिकामं परत येत नसे. गोव्यात नाताळात कुस्वाराची, म्हणजे नाताळच्या फराळाची, ताटं शेजारीपाजारी जातात आणि त्यात नेवऱ्या असतात, म्हणजे आपल्या करंज्याच. त्यामुळे हा प्रकार तुला परका वाटायचं कारण नाही. तू यातच वाढली आहेस, फक्त तेव्हा ओव्हन नव्हता.

आणि नानकटाई या टेबलावर शोभते, यालाही कारण आहे. ‘कुकी’ हा शब्द डच भाषेतला. ‘कूक्ये’ म्हणजे छोटा केक. न्यूयॉर्क जेव्हा न्यू ॲमस्टरडॅम होतं, म्हणजे १६६४ च्या आधी, त्या काळात डच लोकांबरोबर तो इथे आला. तिकडे आपल्या नानकटाईचा उगम सुरतेत डच लोकांसाठी चालणाऱ्या बेकरीत सांगितला जातो. नाव मात्र फारसी वळणाचं, नान म्हणजे रोटी. कोणी विचारलं तर हे जरूर सांग. मी सांगितलं की बायका हातातली नानकटाई उलटीपालटी करून पुन्हा बघतात.

आता तुझा पहिला ट्रे. तू लिहिलंयस की तूप घट्ट होतं म्हणून मायक्रोवेव्हमध्ये पातळ करून घेतलंस. सगळं तिथेच बिघडलं. पातळ तुपात साखर फेटली जात नाही. साखर तळाशी बसते आणि हवा धरली जात नाही. असा गोळा ओव्हनमध्ये गेला की पिठाला आकार धरायला वेळ मिळण्याआधी तूप वाहायला लागतं आणि नानकटाई त्याच्याबरोबर वाहते. तूप थिजलेलं, रवाळ असलं पाहिजे. बोट दाबलं तर खड्डा पडावा, पण बोट आत बुडू नये. डिसेंबरात इथल्या घरात हीटर ६८-७० अंश फॅरनहाइटवर असतो, म्हणजे साधारण २० सेल्सियस. काउंटरवर ठेवलेलं तूप या तापमानाला अगदी हवं तसं असतं. नागपूरच्या उन्हाळ्यात जे जमत नाही ते इथे आपोआप मिळतं आणि आपण ते मायक्रोवेव्हमध्ये घालून घालवतो.

दुसरा ट्रे कोरडा झाला, कारण तू वरून मैदा घातलास. पण मला शंका आहे की मुळातच मैदा जास्त होता. तू कपाने मोजतेस. कप पिठात खुपसून दाबून भरला तर त्यात १५० ग्रॅमपर्यंत मैदा मावतो. चमच्याने हलकेच भरून वरून सुरी फिरवली तर १२० ग्रॅम. सहा-सात कप मैदा लागणाऱ्या घाण्यात हा फरक दीड कपाचा होतो. म्हणून पंधरा-वीस डॉलरचा वजनकाटा आण. मी इथे बावीस वर्षं भाजतेय. आधी मैत्रिणींना हौसेने द्यायचे. २०२१ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीने घरी भाजलेले पदार्थ विकायला परवानगी दिली, तोवर अशी परवानगी न देणारं हे एकच राज्य उरलं होतं. तेव्हापासून रीतसर विकते. या सगळ्या वर्षांत माझ्या हाताला सर्वांत मोठी मदत कुठल्या महागड्या मिक्सरने नाही, त्या काट्याने केली.

माझी नानकटाई सांगलीची आहे. दिवाळीच्या आधी आई मैदा, रवा, तूप, पिठीसाखर असं सगळं घरून मोजून डब्यात भरायची आणि आम्ही दोघी बेकरीत जायचो. भट्टीवाला भाजणावळ घ्यायचा किलोवर. पीठ कालवायचं काम बायका स्वतः तिथेच बसून करायच्या, काळ्या पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे मांडायच्या आणि ट्रेच्या कोपऱ्यात आपल्या नावाची चिठ्ठी ठेवायच्या. मला आठवतंय, भट्टीवाला आईच्या परातीत बोट घालून म्हणाला होता, “वहिनी, अजून फेटा. तूप पांढरं झालं नाही.” आई पुन्हा तळहाताने गोल गोल फेसायला लागली. दहा मिनिटांनी तिने परातीतला बोटभर गोळा उचलून वाटीभर पाण्यात टाकला. तो तरंगला. तेव्हा कुठे मैदा आत गेला. ही पाण्याची खूण मी आजही वापरते. फेटलेलं तूप-साखर पाण्यात तरंगलं तर त्यात पुरेशी हवा गेली आहे, बुडलं तर अजून फेट. माझ्या माहितीत याहून खात्रीची दुसरी परीक्षा नाही.

आता माप. हे सहा डझनांसाठी आणि वर डझनभर जास्तीच्या हिशेबाने. मैदा ५५० ग्रॅम, बेसन १३० ग्रॅम, अगदी बारीक रवा ७० ग्रॅम. तूप ४०० ग्रॅम, पिठीसाखर ३५० ग्रॅम. घट्ट दही दोन मोठे चमचे. इथलं ग्रीक योगर्ट चालतं, साधं असेल तर फडक्यात तासभर टांगून घे. खाण्याचा सोडा अर्धा छोटा चमचा, बेकिंग पावडर एक छोटा चमचा, मीठ पाऊण छोटा चमचा, ताजी कुटलेली वेलची दोन छोटे चमचे, जायफळ चिमूटभर. मीठ गाळू नकोस. गोडाला मीठ कशाला, असं वाटेल, पण मीठ नसलं की नानकटाई नुसती गोड लागते आणि तुपाचा स्वाद मागे पडतो.

तूप घरी कढवणार असशील तर बिनमिठाच्या लोण्याच्या पाच स्टिक लागतील. एक स्टिक ११३ ग्रॅमची असते आणि त्यात स्निग्धांश साधारण ८० टक्के, बाकी बहुतेक पाणी. ते पाणी उडून जातं आणि बेरी खाली बसते. बेरी थोडी लालसर होऊ दे, त्या भाजक्या वासासाठीच घरचं तूप घ्यायचं. ‘तुपाऐवजी बटरच घातलं तर?’ असं विचारशील. घालता येतं, पण मग ती शॉर्टब्रेड, म्हणजे बटरचं बिस्किट होते. बटरमधलं पाणी मैद्याला चिकटपणा आणतं, पोत बदलतो आणि ते तोंडात पडताच विरघळणं जातं.

बेसन आधी कोरडंच मंद आचेवर पाच-सहा मिनिटं भाज. लाडवाइतकं खमंग नाही, फक्त कच्चा वास जाऊन पहिला सुगंध आला की उतरव. तोठरा बसण्याचं अर्धं कारण कच्चं बेसन असतं. आणि ते पूर्ण गार होऊ दे, नाहीतर तेच तुपाला पातळ करेल. मैदा, बेसन, सोडा, बेकिंग पावडर एकत्र दोनदा चाळ. रवा नंतर मिसळ.

तूप आणि पिठीसाखर हँड मिक्सरने सात-आठ मिनिटं फेट. हाताने फेसणार असशील तर पंधरा-वीस मिनिटं. रंग पिवळट असतो तो पांढरा व्हायला हवा आणि आकारमान फुगलेलं दिसायला हवं. पाण्यात थेंब टाकून बघ. मग दही, वेलची, जायफळ, मीठ घालून मिनिटभर फिरव. आता मिक्सर बाजूला ठेव. पीठ तीन वेळा करून घाल आणि बोटांनी एकत्र कर. इथे कणकेसारखं मळायचं नाही. सुरुवातीला सगळा भुगा दिसेल आणि तुला वाटेल दूध घालावं. घालू नकोस. मूठ आवळ, गोळा धरला गेला तर झालं. दूध घातलं की नानकटाई दुसऱ्या दिवशी कडक होते. झाकून अर्धा तास ठेव, म्हणजे हाताच्या उबेने मऊ झालेलं तूप पुन्हा थिजेल.

गोळे वजन करून घे, १८ ग्रॅमचा एक. यात ऐंशीच्या वर होतात. हे मी हट्टाने सांगते, कारण एक्स्चेंजमध्ये प्रत्येकीच्या डब्यात सहा नानकटाया जाणार आणि एकीला मोठ्या, दुसरीला बारक्या जाणं बरं दिसत नाही. शिवाय सारख्या आकाराच्या सारख्या वेळेत भाजतात. पहिले पाच-सहा गोळे काट्यावर ठेवलेस की हाताला अंदाज येतो. गोळा तळहातावर भेग राहणार नाही असा वळ, अगदी थोडा दाब आणि काट्याच्या चमच्याने वर हलकी फुली काढ. दोन गोळ्यांत दीड इंच अंतर. पिस्त्याचे काप लावायचे की नाही, त्याबद्दल खाली लिहिते. एक सूचना, हे पीठ कच्चं चाखू नकोस, मुलांनाही चाखू देऊ नकोस. कच्च्या मैद्यातून पोट बिघडवणारे जंतू जाऊ शकतात आणि इथे त्यावरून मैद्याची पाकिटं दुकानांतून परत बोलावल्याच्या घटना झाल्या आहेत.

ओव्हन ३२५ अंश फॅरनहाइट, सेल्सियसमध्ये १६३. इथे एक गोष्ट ऐक. ओव्हन ‘तापलो’ म्हणून बीप करतो तेव्हा आतली हवा तापलेली असते, भिंती आणि जाळी नाही. बीपनंतर पंधरा मिनिटं थांब. आणि आत लटकवायचा सात-आठ डॉलरचा थर्मामीटर आण. माझ्या जुन्या भाड्याच्या घरातला ओव्हन ३५० दाखवायचा तेव्हा आत ३१५ असायचं. मी वर्षभर स्वतःच्या हातालाच दोष देत होते. ओव्हन थंड असला की नानकटाई पसरते, कारण तूप वितळतं पण पीठ भाजलं जात नाही. तुझ्या पहिल्या ट्रेत हेही एक कारण असू शकेल.

ट्रे एका वेळी एकच, मधल्या जाळीवर. खाली पार्चमेंट पेपर घाल. वॅक्स पेपर वेगळा, तो ओव्हनमध्ये धूर करतो, खरेदी करताना नाव नीट वाच. ट्रे गडद रंगाचा असेल तर तळ लवकर करपतो, तापमान २५ अंशांनी कमी कर. नऊ मिनिटांनी ट्रे फिरवून मागची बाजू पुढे आण. अठरा ते वीस मिनिटांत वर भेगा पडलेल्या दिसतील, कडेचा तळ फिकट बदामी झालेला असेल आणि वरचा रंग जवळजवळ पांढराच असेल. याच वेळी बाहेर काढायची. हाताला मऊ लागेल आणि तुला वाटेल कच्ची आहे. ती मऊच असते. ट्रेवरच दहा-बारा मिनिटं ठेव, मग जाळीवर. गरम असताना उचललीस तर हातातच भुगा होईल. आणि दुसरी खेप गरम ट्रेवर मांडू नकोस, गोळे ओव्हनच्या बाहेरच वितळायला लागतात. दोन ट्रे ठेव, एक भाजत असताना दुसरा गार होऊ दे.

हे जमलं नाही, किंवा तिथे आणखी कोणी मराठी, गुजराती मैत्रीण नानकटाई आणणार असेल, तर दुसरा पर्याय तुझ्या हातात हवा. त्याला इथे स्नोबॉल म्हणतात, कोणी रशियन टी केक म्हणतं, कोणी मेक्सिकन वेडिंग कुकी. अंडं नाही, सोडा नाही, नानकटाईची चुलत बहीणच म्हण. मऊ झालेलं बटर दोन स्टिक, पिठीसाखर ६० ग्रॅम, मैदा २७० ग्रॅम, बारीक चिरलेले पेकन किंवा अक्रोड ८५ ग्रॅम, व्हॅनिला एक छोटा चमचा, मीठ पाव चमचा. १५ ग्रॅमचे चाळीसेक गोळे होतात, म्हणून सहा डझनांना माप दुप्पट. ३५० अंशांवर चौदा-पंधरा मिनिटं. खरी गंमत पिठीसाखरेत घोळवण्यात आहे. दोनदा घोळवायचं. एकदा कोमट असताना, तेव्हा साखर जरा वितळून चिकट थर बसतो. दुसऱ्यांदा पूर्ण गार झाल्यावर, तेव्हा त्या थरावर कोरडी साखर पांढरीशुभ्र बसते. एकदाच घोळवलं तर दुसऱ्या दिवशी डाग पडल्यासारखं दिसतं.

काही प्रकार पहिल्या वर्षी टाळ. साच्याने कापून वर रॉयल आयसिंग करायच्या कुकीज दिसायला सुंदर, पण एकेकीवर हात बसायला दोन-तीन डिसेंबर जातात आणि ते आयसिंग अंड्याच्या पांढऱ्याचं किंवा मेरिंग पावडरचं असतं. मेरिंग पावडर म्हणजे वाळवलेला अंड्याचा पांढरा बलकच. जिंजरब्रेडला मोलॅसिस लागतं. ती आपली काकवी नव्हे. काकवी उसाचा रस आटवून करतात, मोलॅसिस साखर काढून घेतल्यावर उरतं आणि चवीला कडवट असतं. ब्लॅकस्ट्रॅप नावाचं तर फारच कडू. तळलेलं काही नेऊ नकोस. शंकरपाळी मला जिवापाड आवडते, पण या कार्यक्रमाचा नेम भाजलेल्या पदार्थांचा आहे आणि यजमानीणबाईंनी तो आखला आहे. शंकरपाळीचा डबा त्यांना वेगळा, नंतर कधी दे.

किती दिवस आधी? शनिवारसाठी बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी भाज. नानकटाई भाजल्याच्या दिवशी बरी लागते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याहून चांगली. वेलची मुरते, तूप सगळीकडे सारखं बसतं. घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे सहज राहते. नोकरीमुळे आठवड्यात जमत नसेल तर आधीच्या रविवारी केलीस तरी बिघडत नाही. मात्र डब्यात भरण्याआधी पूर्ण गार. पूर्ण म्हणजे तास-दीड तास, ट्रेचा तळ हाताला गार लागेपर्यंत. माझ्या पहिल्या एक्स्चेंजला रात्री अकरा वाजता शेवटचा ट्रे काढला, झोप आली होती म्हणून कोमटच प्लास्टिकच्या डब्यात भरल्या. सकाळी झाकणाच्या आत पाण्याचे थेंब आणि खालची सगळी नानकटाई मऊ. ओव्हनमध्ये ३०० अंशांवर पाच-सहा मिनिटं ठेवून गार केल्या, तेव्हा निम्म्या सावरल्या. तुझ्यावर ही वेळ आली तर तोच उपाय कर.

भरताना पत्र्याचा डबा उत्तम, थरांमध्ये पार्चमेंट. प्रत्येकीसाठी सहा-सहाच्या पारदर्शक पिशव्या करून वर सुतळी किंवा रिबीन बांधलीस तर तिथे मोजामोजी राहत नाही. घरी परत आणलेल्या नऊ प्रकारांबाबत मात्र नीट लक्ष दे. मऊ कुकी आणि कुरकुरीत कुकी एका डब्यात ठेवली की मऊमधला ओलावा कुरकुरीतमध्ये जातो आणि दोन्ही वाया जातात. पेपरमिंटची कुठलीही गोष्ट वेगळ्या डब्यात, नाहीतर उद्या तुझ्या नानकटाईलाही टूथपेस्टचा वास येईल.

आता पिस्ते. आणि हा भाग वरवर वाचू नकोस. इथे शेंगदाणा किंवा सुकामेव्याची ॲलर्जी असलेलं मूल जवळजवळ प्रत्येक शाळेत भेटतं आणि तू दिलेल्या सहा नानकटाया कोणाच्या घरी कोण खाईल हे तुला ठाऊक नाही. म्हणून मी एक्स्चेंजसाठी वर काहीच लावत नाही, फक्त ती फुली. प्रत्येक पिशवीवर छोटं लेबल लाव. गहू आहे, दूध आहे, अंडं नाही, असं स्पष्ट लिही. तुपातला दुधाचा अंश बराचसा निघून गेलेला असला तरी ‘डेअरी फ्री’ असं लिहू नकोस. दुधाची ॲलर्जी असणाऱ्याला तेवढा अंशही पुरतो. बेसन म्हणजे चण्याच्या डाळीचं पीठ, हेही लिही, कारण पुष्कळांना नानकटाई फक्त मैद्याची वाटते. तुझ्या स्वयंपाकघरात त्याच दिवशी शेंगदाण्याचं कूट केलं असेल तर तेही सांग. या देशात अन्नाच्या पाकिटावर ठळक सांगाव्या लागणाऱ्या ॲलर्जीच्या यादीत २०२३ पासून तीळही आहेत, म्हणून तीळ लावायचा विचार असेल तर तोही लेबलवर. घरगुती देवाणघेवाणीला तो कायदा लागत नाही, पण समोरच्या आईची काळजी तीच असते.

लेबलवर नाव लिहिताना आधी ‘नानकटाई’ लिही, खाली बारीक अक्षरात ‘वेलचीची शॉर्टब्रेड’. उलटं करू नकोस. त्यांना नाव उच्चारायला दोन मिनिटं लागतील, पण पुढच्या वर्षी त्या नावानेच मागतील. आणि कृती छापून दहा कागद बरोबर ने, ग्रॅम आणि कप दोन्ही मापांत. एक्स्चेंजमध्ये कृती मागण्याची पद्धत आहे आणि ती द्यायची असते. काही जणी एखादी वस्तू मुद्दाम गाळून कृती देतात. मला ते पटत नाही. त्या बेकरीत आईला कोणी काही लपवून शिकवलं असतं तर मी आज हे लिहिलं नसतं.

तू विचारलं नाहीस, पण तुझ्या घरासाठी महत्त्वाचं आहे. तुझ्या नानकटाईत अंडं नसलं तरी येणाऱ्या नऊ डब्यांत बहुतेकांत असेल. यजमानीणबाईंना आधीच एक निरोप धाड, की आमच्या घरी अंडं आणि जिलेटिन चालत नाही, प्रत्येकीने आपल्या कुकीत काय घातलंय ते लिहून आणलं तर बरं होईल. कोणीही वाईट वाटून घेत नाही, उलट ॲलर्जीमुळे त्यांना सवय असते. जिलेटिन लक्षात ठेव. मार्शमेलो घातलेली कुठलीही गोष्ट, मग ती तांदळाच्या कुरमुऱ्याची वडी असली तरी, त्यात ते असतं आणि ते जनावरापासून काढलेलं असतं. काही लाल रंगाच्या गोळ्यांत कारमाइन असतं, तो रंग किड्यांपासून होतो. साधी शॉर्टब्रेड, स्नोबॉल, सुकवलेली फळं घातलेली चॉकलेट बार्क (वितळलेलं चॉकलेट पातळ पसरून केलेले तुकडे) हे सहसा चालतात, तरी पाकीट वाच किंवा विचार. बाकीच्या कुकीज घरात खपणार नसतील तर घेऊच नकोस असं नाही. ऑफिसात ने, शेजारच्या मुलांना दे. घ्यायला नकार दिला की देणारीचा हात अवघडतो.

आता असं कर. या आठवड्यात मापाचा आठवा भाग घे, म्हणजे मैदा सत्तर ग्रॅमच्या आसपास, तूप पन्नास. दहा नानकटाया होतील. चार आधी भाज, बाकीचे गोळे फ्रिजमध्ये ठेव. त्या चार पसरल्या तर तूप मऊ आहे किंवा ओव्हन थंड आहे. अजिबात पसरल्या नाहीत आणि वर भेगही नाही, तर मैदा जास्त झाला. बिघडलं काय ते कळलं की उरलेल्या सहांवर सुधारून बघता येईल. गार झाल्यावर एक नानकटाई मधोमध मोड आणि तिचा आतून फोटो काढून पाठव, वरून नको. मध्यभागी ओलसर, गडद वर्तुळ दिसलं तर दोन मिनिटं वाढवायला सांगेन. सगळीकडे सारखी, बारीक जाळी दिसली तर बुधवारी सहा डझनांचं तूप सकाळीच काउंटरवर काढून ठेव.